पोड, तांडा आणि एक आवडते गाणे

यवतमाळ जिल्ह्यात गाणे ऐकून पाठ होते आणि गाऊनच पुढे जाते. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गीते रंगतात. केळापूर, झरी जामणी, मारेगावकडे दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांची दंडार ही नाच-गाण्याची परंपरा ढोलाच्या तालावर उभी राहते. बंजाऱ्यांच्या वस्तीला तांडा म्हणतात, तसे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. गावोगावच्या भजन मंडळांत खंजिरी घुमते ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) प्रभावामुळे. पेटी-तबला नसला तरी अडत नाही. एक खंजिरी आणि मागे म्हणणारी चार माणसे पुरतात. वऱ्हाडात हे भजन इतके पसरले, त्याचे हेही एक कारण मानावे लागेल.

आता गाणी मोबाइलवरून क्षणात पुढे जातात. पाठवणे सोपे झाले, ते का आवडले हे सांगणे मात्र राहून जाते. हा अंक त्या ‘का’साठी आहे. त्यात संगीताला मोठी जागा आहे. सोबत कुतूहलाच्या लहानसहान गोष्टीही आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती, हे नव्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक असेल? नामवंतांच्या आवडीनिवडी आम्ही मुद्दाम टाळल्या आहेत. त्या इतरत्र भरपूर छापून येतात.

वाचकांनी आपले एक आवडते गाणे किंवा गावातली एक नवलाची गोष्ट, ती कोणाकडून मिळाली यासह, आम्हाला जरूर लिहून कळवावी. गोरमाटी, गोंडी, कोलामी, वऱ्हाडी, कोणत्याही बोलीतला मजकूर चालेल.