दहावीनंतरही खेळू द्या

लातूर काय नि नांदेड काय, मुलगी दहावीला गेली की आधी खेळ सुटतो. ‘पॅटर्न’च्या गावात दुसरं काय होणार म्हणा! पण पुण्याची शिरीन लिमये बघा. २०१७ साली बंगळुरूत आशिया चषकाच्या ‘ब’ विभागात आपल्या बास्केटबॉलच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. पुढे भारताची कर्णधारही झाली.

ऑस्ट्रेलियात तर बायकांची लीग १९८१ पासून चालू आहे. तिथली लॉरेन जॅक्सन दोन मुलांची आई झाल्यावर, २०२२ मध्ये ४१व्या वर्षी देशाकडून परत खेळली. आपण सोळाव्या वर्षीच ‘आता पुरे’ म्हणतो! मला विचाराल तर संध्याकाळचा एक तास मैदानाचाच. क्लासवाल्या सरांना तसं सांगायचं मात्र आयांनीच.