पूर्वपद कुणाचे?

अतिवृष्टीनंतर आठ-पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास येते : ‘जनजीवन पूर्वपदावर’. गाव पर्यटनाचे असेल तर त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : ‘पर्यटकांची पावले पुन्हा वळू लागली’. मराठीच्या अध्यापकांनी या दोन वाक्यांपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. दुसरे वाक्य इथे पहिल्याचा पुरावा म्हणून वापरले जाते. आणि ते तसे वापरता यावे यासाठीची मशागत आपल्या साहित्याने केलेली आहे.

महाबळेश्वरचेच घ्या. २२-२३ जुलै २०२१च्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. परभणीत वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक, एका दिवसात! पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी खचला. याच पठारावर उगम पावणारी सावित्री खाली महाड शहरात शिरली; महाड तालुक्यातील तळीये गावात दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. कोयनेच्या खोऱ्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर डोंगर आला. पुढे घाट दुरुस्त झाला, वेण्णा तलावात पुन्हा नावा फिरू लागल्या, स्ट्रॉबेरीचा हंगाम आला. पूर्वपद लाभले.

लाभले ते कुणाला? घाटाचा रस्ता यंत्रे लावून काही आठवड्यांत मोकळा करता येतो. भाताच्या खाचराचे तसे नसते. उतारावर दगडी बांध घालून, वाहती माती अडवून ते तयार करण्यात दोन-तीन पिढ्या जातात, आणि ते एका रात्रीत गेले की त्याची माती कोणत्याही निविदेने परत येत नाही. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र होते तेवढेच राहते. पण खाचर कोणत्याही पॉइंटवरून दिसत नाही. दिसलेच तर हिरव्या रंगाचा एक तुकडा म्हणून दिसते.

‘पॉइंट’ हा शब्द मुद्दामच वापरतो आहे. इंग्रजांनी १८२८च्या सुमारास तिथे आरोग्यस्थान वसवले आणि दरीच्या कडांना आपली नावे दिली. आपण त्या शब्दाचे भाषांतर केले नाही, पण त्यामागची नजर मात्र पुरती आत्मसात केली. आर्थर सीटची कथा तिथले गाईड आजही सांगतात : जलप्रवासातील अपघातात पत्नी आणि मूल गमावलेला आर्थर मॅलेट कड्यावर बसून खाली सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहत राही. म्हणजे एका पाण्यातल्या मृत्यूचे स्मरण त्या कड्याला आहे. त्याच सावित्रीच्या खोऱ्यात २०२१ साली जे घडले त्याचे नाव कोणत्या कड्याला मिळणार?

आपले प्रवासवर्णन आणि निसर्गकविता यांनी डोंगर बहुधा वरून किंवा दुरून पाहिला. शाळेच्या सहली प्रतापगड-महाबळेश्वरला जातात (आम्हा परभणीकरांच्या तर ठरलेल्याच), आणि परतल्यावर मुले ‘मी पाहिलेले निसर्गरम्य ठिकाण’ लिहितात. त्या निबंधात धबधबा असतो. तो कुणाच्या शेतात उतरतो हे नसते. यावर कुणी ‘झाडाझडती’चे नाव घेईल, आणि ते रास्त आहे. विश्वास पाटलांनी १९९१ सालीच धरणग्रस्तांचे उद्ध्वस्त होणे कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले. पण धरणामागे एक निर्णय दिसत असतो, म्हणून संघर्ष उभा राहतो, म्हणून कथानकही. दरडीला ‘निसर्गाचा कोप’ म्हटले की प्रतिपक्षच नाहीसा होतो. वास्तविक निर्णय इथेही आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. माधव गाडगीळ समितीने संपूर्ण पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११मध्ये दिला आणि तो बाजूला सारला गेला. यात नाट्य नाही, असे म्हणणाऱ्या लेखकाने नाट्याची आपली कल्पना एकदा तपासावी.

हे सारे दुरून, सपाटीवर बसून लिहितो आहे, याची जाणीव मला आहे. परंतु सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदाकाठच्या शेतांत पाणी शिरले, उभे सोयाबीन गेले, कापूस गेला, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे पर्यटक येत नाहीत. त्यामुळे आम्ही पूर्वपदावर आलो की नाही, हे सांगायलाही कुणी नाही. महाबळेश्वरला निदान खोटी का होईना, बरे झाल्याची एक तारीख मिळते.

त्या दिवसांत महसूल खात्याच्या कागदांतला एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा कानावर पडत होता : ‘खरडून गेलेली जमीन’. पीक गेले तो रकाना वेगळा आणि जमीनच गेली तो वेगळा. एवढा नेमका भेद आमच्या समीक्षेला क्वचितच साधतो. तळीयेच्या उतारावर काय झाले आणि गोदाकाठी काय झाले, दोन्ही या तीन शब्दांत मावते. तलाठ्याच्या पंचनाम्यात हे शब्द वर्षानुवर्षे आहेत; मराठी कवितेत मला ते अजून भेटायचे आहेत.