संस्थेलाही वळण लावावे लागते

गावातली दूध संस्था बसली, सोसायटी मोडकळीस आली, शेतकरी कंपनीच्या शेडला कुलूप लागलं, की आपण लगेच म्हणतो, भांडवल कमी पडलं. नाहीतर बाजारभावाने मारलं. दोन्ही कारणं खरी असतील. पण शेतीशाळा, मेळावे, पंचनामे यांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना माझं मत असं बनलं आहे की पुष्कळ संस्था त्याआधीच आतून पोखरलेल्या असतात. तिथे राबणाऱ्या माणसांना वागणूक कशी मिळते, नियम कोणाला लागू आणि कोणाला माफ, चूक झाली तर काय होतं, यावर संस्थेचं आयुष्य ठरतं. शहरातल्या कंपन्यांत याला कार्यसंस्कृती म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, वळण.

सोयाबीनच्या हंगामाचंच बघा. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. (2024 च्या खरिपात केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती, ती गोष्ट वेगळी.) कंपनीच्या गेटवर ओलावा मोजायचं मीटर घेऊन एखादा तरुण उभा असतो. शिकलेला, पगार बेताचा. एका संचालकाच्या भावकीतला ट्रॅक्टर येतो. मीटर 17 दाखवतं. पोरगा म्हणतो, "काका, दोन दिवस वाळवून आणा." काका काही बोलत नाहीत, खिशातून मोबाइल काढतात. पाच मिनिटांत पोराचा फोन वाजतो, "अरे, आपलाच माणूस आहे. घे उतरवून."

आता नुकसान मोजा. ओला माल थप्पीत तापतो, बुरशी धरतो आणि शेजारच्या कोरड्या कट्ट्यांनाही घेऊन बुडतो. पुढे गोदामवाला सगळा लॉट परत पाठवतो, भाडं कंपनीच्या अंगावर. पण हे नुकसान एका हंगामाचं. त्याहून मोठं म्हणजे त्या पोराला कळून चुकतं की मीटर फक्त गरिबासाठी आहे. दुसऱ्या दिवसापासून तो ते नुसतं टेकवल्यासारखं करतो. रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या शेतकऱ्यानेही सगळं पाहिलेलं असतं. पुढच्या वर्षी तो मुकाट अडत्याकडे जातो, आणि आपण सभेत म्हणतो की सभासदांना संस्थेची कळकळ नाही!

यावर उपाय फुकटचा आहे. अध्यक्षांचा माल सर्वांत आधी, सर्वांसमोर मोजावा. प्रत्येक ट्रॉलीचा आकडा फळ्यावर लिहावा. आणि ज्या संचालकाला ओला माल घ्यायचाच आहे, त्याने तसं रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करावी. फोनवर सांगायला काही लागत नाही, सही करताना मात्र हात थांबतो.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची दुसरी ओरड म्हणजे सीईओ टिकत नाही. 2020 साली केंद्राने 10,000 कंपन्यांची योजना आणली, तीत व्यवस्थापन खर्चासाठी 3 वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत ठेवली. म्हणजे सुरुवातीला पगाराची सोय होती. मग तो जातो का? कायद्याने संचालक 5 ते 15 असतात, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःला साहेब समजतो. एक म्हणतो बियाणं घ्या, दुसरा म्हणतो विचारल्याशिवाय घेतलंच कसं, तिसरा त्याला चहा सांगायला पाठवतो. सभासदांसमोर झापणं तर नित्याचंच. ठरवावं मंडळाने, सांगावं एकाने, तेही लेखी. पगाराची तारीख चुकवू नये. एवढं जमलं तर शिकलेलं पोरगं गाव सोडून कशाला जाईल?

चुकीचंही तसंच. तोलणाऱ्याने येऊन सांगितलं, "अण्णा, सकाळच्या वजनात फरक पडलाय," तर त्याला चारचौघांत धुतात. पुन्हा तो सांगेल का? झाकेल. आणि खरा हात मारणारा कोणाचा तरी पाहुणा निघतो, त्याला कोणी बोलत नाही. चूक आणि चोरी यांतला फरक ज्या संस्थेला कळत नाही, तिचं दप्तर मी तरी उघडून बघणार नाही.

धान्य निवडायला, ग्रेडिंगला बहुतेक आपल्या माता-भगिनीच असतात. लाखोंच्या यंत्राचं उद्घाटन होतं, पण शेडला संडास नसतो. जिथे 10 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे 2013 च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे किती शेडमध्ये लिहून लावलंय, सरपंच मंडळींनी एकदा फिरून बघावं. जाता जाता ग्रामपंचायतीतही डोकवावं. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कोणता दाखला किती दिवसांत, याचा फलक भिंतीवर हवा. पुष्कळदा तो कपाटाच्या मागे असतो.

हिवरे बाजारची गोष्ट सगळे सांगतात, पण झाडं आणि बंधारे एवढंच सांगतात. तिथे पावसाचं पाणी मोजून त्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आकडा सगळ्यांसमोर आला की तो कोणाच्या भावकीचा राहत नाही.

सहकारी संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती चहा-भजी आणि "मंजूर, मंजूर" यात अर्ध्या तासात उरकते. यंदा नफा-तोट्याच्या आधी उभं राहून दोनच गोष्टी विचारा. कर्मचाऱ्यांचा पगार किती महिने थकलाय? आणि गेल्या 3 वर्षांत किती जण काम सोडून गेले, का गेले? अध्यक्ष रागावले तर रागावू द्यात. उत्तर तेवढं इतिवृत्तात लिहून घ्या.