कान दुखतो, पण दुखणं कुठे आहे?

‘ताई, घास गिळला की कानात कळ मारती बघा. दीड महिना झाला.’ बचत गटाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या. उपाय काय केला? लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं! डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कान ठणठणीत निघाला. जखम होती जिभेच्या मुळाशी.

मैत्रिणींनो, घसा, टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग आणि कान यांच्याकडे जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. म्हणून दुखणं घशात असलं तरी कळ कानात येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. घशाला सूज, सुजलेले टॉन्सिल, सर्दीने नाकामागून कानाकडे जाणारी नळी चोंदणं, किंवा अक्कलदाढ. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, विश्रांती आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल, एवढ्याने घसा बहुधा आठवड्यात बरा होतो. दाढ मात्र दंतवैद्यांनाच दाखवावी. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नयेत. आणि कानात तेल तर नकोच! पडदा फाटलेला असेल तर त्रास वाढतो.

तोंड उघडता येईना, थुंकी गिळवेना, श्वास लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाच बाजूचं दुखणं दोन-तीन आठवडे राहिलं, मानेत गाठ आली, आवाज बसला, तोंडातली जखम भरेना, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मिरज-सांगलीच्या सिव्हिलमध्ये, कराडच्या कृष्णा हॉस्पिटलमध्ये हे डॉक्टर आहेत.

आता खरं बोलू. आपल्या सातारा-सांगलीकडे कितीतरी बायका पहाटे उठल्या की आधी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. काकूही लावायच्या, पण लाजेने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मग निदान कसं व्हावं?

घरच्या पुरुषाचं डोकं दुखलं तर आपण धावतो. स्वतःचा कान दुखला की ‘सुगी उरकू दे’, ‘पोरीची परीक्षा होऊ दे’! काकूंचं वेळेत कळलं, उपचार झाले, आता त्या गटात पुन्हा येतात. मिश्रीची डबी त्यांनी चुलीत टाकली. पण दीड महिना तेल घालत बसण्याइतकं आपलं दुखणं स्वस्त का असावं?