घरी शिकणाऱ्या मुलीला जीवशास्त्राचे कोणते पुस्तक द्यावे?

विंचूरच्या आमच्या वस्तीत चौदा वर्षांची एक मुलगी आहे. आजारपणात तिची शाळा सुटली ती सुटलीच. आईवडील द्राक्षबागेत कामाला जातात, ती धाकट्या भावाला सांभाळते. डोके चांगले आहे, नर्स व्हायचे म्हणते. मध्यंतरी तिची आई माझ्याकडे आली. "ताई, एक जण म्हणतो मोबाइलवरचा क्लास लावा, दुसरा म्हणतो इंग्रजी पुस्तके आणा. एवढे पैसे कुठून आणू? तिला जीवशास्त्र शिकायचेय, तर घेऊ तरी काय?"

प्रश्न अभ्यासाचा वाटतो, पण तो आरोग्याचाही आहे. म्हणून या पानावर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शहरातले काही पालक हौसेने मुलांना घरी शिकवतात. आपल्याकडे मूल घरी राहते ते बहुतेक वेळा नाइलाजाने, आणि त्यातही मुलगी आधी. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाची शाळा सुटली असेल तर त्याला वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. असा प्रवेश घेतला तर वय १४ च्या पुढे गेले तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. म्हणून पहिली खटपट शाळेची करा. ते जमलेच नाही, तर पुढचे वाचा.

माझे मत सरळ आहे. दहावीपर्यंत बालभारतीचीच पुस्तके घ्या. कारण ती मराठीत आहेत, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि आपल्या घराला जे लागते ते त्यांत आहे. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा धडा आहे. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. पुढे जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव, आणि व्यसन व ताणतणावाबद्दल बोलणारा 'सामाजिक आरोग्य' हा धडाही आहे.

काही जण म्हणतील, एनसीईआरटीची पुस्तके जास्त चांगली. अकरावी-बारावीला हे मलाही मान्य आहे. पण २०२२-२३ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना त्यांच्या नववीच्या पुस्तकातून 'आपण आजारी का पडतो' हा धडा गेला आणि दहावीतून उत्क्रांतीचा भाग गेला. घरी एकटी शिकणाऱ्या मुलीला गाळलेले सांगायला शिक्षक नसतो. पुस्तकात नाही ते तिच्यासाठी नाहीच. आजार कसा पसरतो हे तिला कळायला हवे. सगळी माणसे एकाच जातीचा प्राणी आहेत, जन्माने कुणाचे शरीर वरचे नाही नि खालचे नाही, हेही तिला विज्ञानाच्या पुस्तकातून कळायला हवे.

पुनरुत्पादनाचा धडा "नंतर वाच" म्हणून ठेवू नका. पाळी का येते, अंगावर जास्त गेले तर रक्त का कमी होते, हे मुलीला आधी कळले तर ती दुखणे लपवणार नाही. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. हा आकडा आईलाही पाठ हवा.

प्रयोगशाळा नाही म्हणून अडू नका. पेशी पाहण्याचा पहिला प्रयोग कांद्याच्या पापुद्र्यावर करतात, आणि कांद्याला आपण काही कमी नाही. पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून एखाद्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहू द्या, अशी विनंती शिक्षकांना करा. द्राक्षाचे घड डिपिंगला ज्या जीएच्या पाण्यात बुडवतात ते वनस्पतीचे संप्रेरक आहे. पानावरची भुरी ही बुरशी आहे. आईवडिलांचे रोजचे काम हाच तिचा धडा होऊ शकतो. फवारणीचे कपडे वेगळे का धुवायचे, औषध कातडीतून अंगात कसे जाते, हे मग तीच घरात सांगेल.

परीक्षेचे काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. नाव नोंदवाल त्या मंडळाची पुस्तके परीक्षेसाठी वाचावी लागतील, पण पाया बालभारतीवर पक्का होईल. एनआयओएसच्या बारावीच्या जीवशास्त्राला प्रात्यक्षिक असते. ते कोणत्या केंद्रावर होईल, हे प्रवेश घेतानाच विचारा.

नर्सिंगचेही समजून घ्या. एएनएम आणि जीएनएमला कला शाखेची बारावीही चालते, पण इंग्रजी विषय लागतो. बीएस्सी नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. डॉक्टर व्हायचे तर नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. आपल्या मुली अडतात त्या अकरावीला, कारण तिथे विज्ञान एकदम इंग्रजीत येते. त्यासाठी आतापासून एक वही करा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी: पेशी–सेल, ऊती–टिश्यू, संप्रेरक–हॉर्मोन. रोज पाच शब्द लिहिले तरी वर्षात दीड हजारांवर जातात.

आणि एकटीला सोडू नका. रविवारी विहारात तासभर चार मुलींनी मिळून एक धडा मोठ्याने वाचावा. बारावी विज्ञान शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी शेजारी बसली तरी पुरे. आशाताईंना महिन्यातून एकदा बोलवा, त्यांना सांगण्यासारखे खूप असते.

त्या आईला मी आठवीचे जुने पुस्तक दिले. पैसे लागले नाहीत. तिला एवढेच सांगितले, की रोज संध्याकाळी पोरीने काय वाचले ते तिच्याकडून ऐकून घ्या. तुम्हाला वाचता येत नसले तरी ऐकता येते. तेवढ्याने ती अभ्यास सोडणार नाही.