छायाचित्रकाराची पारख

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील विवाह जेव्हा गावाकडे होतात, तेव्हा कार्यालय, आचारी आणि गुरुजी यांची निवड तिकडच्या वडीलधाऱ्यांवर निःशंकपणे सोपविली जाते. छायाचित्रकार मात्र इथे बसून, मोबाइलच्या वीतभर काचेवर चित्रे सरकवीत, वधूवरांनी स्वतःच ठरवावयाचा, असा एक नवा रिवाज आपल्यात रूढ झाला आहे. हा रिवाज उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन वर्षांपूर्वी वसई तालुक्यातील वालीव या आमच्या गावी माझ्या भाचीचे लग्न झाले. मुंबईतील एका छायाचित्रकाराची विलोभनीय चित्रे पाहून आम्ही इथूनच इसार पाठविला होता. परंतु हळदीच्या संध्याकाळी, घोडबंदरच्या खाडीपुलावरील वाहनांच्या रांगेतून सुटून दोन तास उशिरा जे गाडीतून उतरले, ते ते गृहस्थ नव्हते, त्यांनी धाडलेले दोन अनोळखी तरुण होते. कारण तिथी दाट होती आणि त्यांनी एकाच दिवसाची तीन कार्ये पत्करली होती. आमच्या आगरी घरांत हळद म्हणजे अर्धे लग्नच, आणि तिथला मान धवलारणीचा: ती धवले गाते आणि त्या गाण्याच्या ओघाने एकेक विधी पुढे सरकतो. मांडवात गात उभ्या असलेल्या त्या वृद्धेला त्यांपैकी एकाने सांगितले, “आजी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.” ती गाणे न थांबविता खांबाआड सरली. पुढे १,६०० चित्रे हाती आली. त्यांत तिच्या लुगड्याचा काठ दोन ठिकाणी दिसतो.

त्या तरुणांना मी फारसा दोष देत नाही. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. चुकली ती आमची पारख. नमुना म्हणून जी चित्रे दाखविली जातात ती शंभर लग्नांतून वेचलेली असतात, आणि शंभर लग्नांत मिळून शंभर चांगले क्षण कोणालाही साधतात. मागावयाचे असते ते एकाच लग्नाचे, हळदीपासून वरातीपर्यंतचे समग्र दप्तर. आणि तेही शक्यतो एखाद्या साध्या मांडवात, पिवळ्या दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात झालेल्या लग्नाचे. अंतरपाट दूर होतानाचे चित्र त्यात आहे की नाही, मुलीचे आईवडील पाठमोरे नव्हे तर समोरून किती वेळा दिसतात, पंगतीत वाढणारी घरची माणसे कुठे आहेत, एवढे पाहिले की मनुष्य कळतो. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या वेळी फिल्मच्या एका रोलवर १२ चित्रे निघत. आमच्या घरच्या त्या बारांतले एक जळालेले आहे. पण उरलेल्या अकरांत घरचे एकही माणूस सुटलेले नाही, कारण त्या स्टुडिओवाल्याने आदल्या दिवशी येऊन, कोण कोणाचे लागते, हे आजोबांकडून विचारून घेतले होते.

दुसरी बाब करारनाम्याची. प्रत्यक्ष येणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात लिहून घ्यावे. कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर चित्र नोंदवितो ना, आणि अल्बम हाती पडेपर्यंत मूळ चित्रांची दुसरी प्रत कुठे राहणार, हेही विचारावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. म्हणून त्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्याखेरीज सही करू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दोन वर्षांच्या मुदतीत दाद मागता येते; तेव्हा करारनामा टोरांटोच्या नवरदेवाच्या नावे करण्याऐवजी वालीवच्या मामांच्या नावे केलेला बरा. आणि आपल्या पदरीची चूकही कबूल करावी: अल्बमला वर्ष लागले म्हणून ओरडणाऱ्या कित्येकांनी ‘सिलेक्शन’च आठ महिने पाठविलेले नसते.

आमची मुले म्हणतात, गावचा स्टुडिओवाला अल्बमच्या पानावर वधूचे मुख चंद्रबिंबात बसवितो आणि भोवती गुलाब उधळतो. हे खरे आहे; माझ्या धाकट्या भावाच्या अल्बमात तो स्वतः ताजमहालासमोर उभा आहे, जिथे तो अद्याप गेलेला नाही. पण चंद्र नको म्हणून सांगितले तर चंद्र निघतो. वसईचा छायाचित्रकार सकाळी चर्चमधील विवाह टिपतो, तेव्हा वेदीच्या किती जवळ जायचे हे त्याला ठाऊक असते, आणि रात्री आगरी मांडवात आला की धवलारणीला तो नावाने हाक मारतो. मुंबईहून येणाऱ्याच्या कलेविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्याला हे ज्ञान कोणीतरी द्यावे लागते, एवढेच.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी इसार पाठविण्यापूर्वी गावाकडच्या कोणालातरी त्या स्टुडिओत धाडावे, आणि तिथे पोहोचविण्यासाठी घरच्या माणसांची एक यादी त्याच्या हाती द्यावी. आमच्या धाकट्या भाचीचे लग्न माघात आहे. यादी तयार झाली असून तिच्यात पहिले नाव धवलारणीचे आहे.