सैतानाच्या नावावर

आमच्या देवणीचे नाव दूरवर गेले ते गुरांमुळे. बालंक्या, वान्नेरा, शेवरा. रंग पाहून वाण सांगणारी माणसे इथे अजून आहेत. तरीही गाय अचानक आटली की काहींना आधी आठवते ती कुणाची तरी नजर, कुणीतरी केलेली करणी. कासेला दगडी झाली आहे का, लाळ-खुरकुताची लस टोचली होती का, हे प्रश्न मागून येतात. कारण त्यांची उत्तरे आपल्याच गोठ्यात सापडतात.

हे गप्पांपुरते राहत नाही. मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आळ घेऊन एखाद्याचे जगणे कठीण करणे, कुणाला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणे, हे महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो 'त्यांच्या' अंधश्रद्धेसाठी आहे असे समजून आपण निर्धास्त बसतो. गंडे-तावीज, जिन उतरवणे आपल्या मोहल्ल्यात नाही का? मारणारा कोणत्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही.

इब्लीस आहे, यावर आपले ईमान आहे. पण आपल्या बोलण्यात जो सैतान रोज येतो, तो बहुतेक वेळा आपणच घडवलेला असतो. घरात हात उगारला, "शैतान सवार हो गया". एका दमात तीन तलाक उच्चारले, पुन्हा तेच. बायको-मुलांच्या वाट्याला जे यायचे ते येतेच; सैतान मात्र कधी खावटी देत नाही.

सूरह आराफ नीट वाचावी. हजरत आदम (अ.) आणि हव्वा यांना इब्लीसनेच फसवले होते, हे कुरआनच सांगते. तरी दुआ मागताना त्यांनी त्याचे नाव घेतले नाही. आम्हीच स्वतःवर जुलूम केला, अशी कबुली दिली. आपल्या वाट चुकण्याचा दोष दुसऱ्यावर, तोही थेट अल्लाहवर, टाकला तो इब्लीसने. आणि सूरह इब्राहीमच्या 22व्या आयतीत निवाड्यानंतर तो स्वतःच हात झटकतो: मी फक्त बोलावले होते, आलात तुम्ही, आता मला बोल लावू नका, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

रमजानमध्ये सैतान जखडले जातात, ही हदीस लहान मुलांनाही पाठ असते. मग त्या महिन्यात तराजूत कोण मारतो, असे एखाद्या मुलाने विचारले तर काय सांगणार?

सगळ्यात शांतपणे होणारा गुन्हा तर रागाचाही नाही. बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे. तिला माहेर तुटण्याची भीती घालून हक्कसोडपत्र करून घेतात. तारीख ठरते, साक्षीदार येतात, अंगठे उमटतात, वर चहा होतो. इतक्या थंड डोक्याच्या कामात सैतान कुठून शिरला म्हणायचे? माणसाचा हक्क मारला असेल तर तो परत केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही, असे उलेमा सांगतात. त्यासाठी पुन्हा त्याच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन दस्त करावा लागतो आणि तलाठ्याकडे फेरफार धरून सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावावे लागते.